गुऱ्हाळ, घसारा आणि रिअॅक्टर

रासायनिक अभियांत्रिकीवर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावे, हे पाहून आमचे काही प्राध्यापक भुवया उंचावतील. त्यांची क्षमा मागूनच सुरुवात करतो. माझा मावसभाऊ अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो ‘रिअॅक्टर डिझाइन’ या विषयाची गणिते सोडवत बसला होता. सहज वहीत डोकावलो, तर समीकरण ओळखीचे निघाले! ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

रिअॅक्टर म्हणजे ज्या पात्रात रासायनिक क्रिया घडवून आणतात ते पात्र. असे एक पात्र आपण बेळगावकरांनी लहानपणापासून पाहिले आहे. गुऱ्हाळातली काहील! कन्नडात आपण ज्याला आलेमने म्हणतो, तेच आपले गुऱ्हाळ. उसाचा रस मुळात किंचित आंबट. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की रसातली साखर फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. असे फार झाले तर गूळ नीट बसत नाही, चिकट राहतो. म्हणून गुळव्या रसात बेताने चुना घालतो, म्हणजे आंबटपणा मरतो. नको असलेली क्रिया मंद करणे आणि हवी असलेली घडवणे, हीच या शास्त्राची पहिली पायरी. योगायोग असा की रासायनिक क्रियेचा वेग मोजण्याचा मूळ प्रयोगही साखरेवरचाच. १८५० साली विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लात साखर किती वेगाने फुटते हे मोजले. त्याला आढळले, की कोणत्याही क्षणी जेवढी साखर शिल्लक असेल, त्या प्रमाणात ती फुटते.

वाणिज्याच्या मित्रांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. ही तर आपली घसाऱ्याची ऱ्हासमान शेष पद्धत! यंत्राच्या मूळ किमतीवर नव्हे, शिल्लक किमतीवर दरसाल दहा टक्के. फरक एवढाच, की आपण वर्षाअखेरीस नोंद करतो आणि निसर्ग क्षणोक्षणी करतो.

आता एक हिशेब करू. मिनिटाला शिल्लक मालाच्या दहा टक्के या दराने एक क्रिया चालते. शंभर भागांपैकी नव्वद भाग बदलायचे आहेत. माल लांब नळीतून सोडला, तर तोंडाशी शिल्लक शंभर, म्हणून वेग मिनिटाला दहा भाग. पुढे शिल्लक घटते तसा वेगही घटतो. सुमारे २३ मिनिटांत काम होते. आता नळीऐवजी सतत ढवळली जाणारी एकच टाकी घ्या. एका बाजूने माल येतो, दुसऱ्या बाजूने जातो. ढवळल्यामुळे टाकीत सगळीकडे सारखाच माल, म्हणजे बाहेर पडतो तसाच. शिल्लक दहा भाग, म्हणून वेग मिनिटाला फक्त एक भाग. नव्वद भागांना लागली ९० मिनिटे! त्याच कामासाठी टाकी नळीच्या जवळजवळ चौपट मोठी हवी. दोन सारख्या टाक्या एकापुढे एक ठेवल्या तर एकूण ४३ मिनिटे, तीन ठेवल्या तर सुमारे ३५. टाक्या वाढवत गेलो की उत्तर नळीच्या जवळ येते. चक्रवाढ व्याज वर्षाऐवजी महिन्याने, मग दिवसाने आकारत गेल्यासारखेच हे. भावाच्या वहीतले ओळखीचे समीकरण ते हेच.

मी त्याला म्हटले, “मग टाकी कशाला? नळीच स्वस्त!” तो हसला आणि म्हणाला, “तू फक्त खर्चाचा रकाना पाहिलास. उष्णतेचा पाहा.”

अनेक क्रियांतून उष्णता बाहेर पडते. नळीच्या तोंडाशी क्रिया जोरात, म्हणून तिथेच तापमान भडकते. टाकीत नवा माल जुन्यात मिसळतो, वेग मर्यादित राहतो, तापमान आवरता येते. म्हणून महाग असली तरी काही ठिकाणी टाकीच योग्य.

पण टाकीलाही मर्यादा आहे. कारखाना दुप्पट केला तर खर्च दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतो. म्हणून आपले अर्थशास्त्र सांगते, मोठे करा. परंतु टाकीची सर्व मापे दुप्पट केली, तर आतला माल आठपट होतो आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त चौपट. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढले की पुष्कळ क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की वेग वाढतो. थंड करणारी यंत्रणा मागे पडली, की क्रिया हाताबाहेर जाते.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये हेच घडले. युनियन कार्बाइडच्या ज्या टाकीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होते, ती रिअॅक्टर नव्हती, साठवणीची टाकी होती. तीत पाणी शिरले आणि ती न योजलेला रिअॅक्टर बनली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वेळी बंद होती. हजारो माणसे प्राणास मुकली.

हे ऐकल्यापासून माझ्या मनात एक विचार घर करून आहे. उद्या आपल्यापैकी कोणी एखाद्या कारखान्यात हिशेबनीस होईल. त्याच्यासमोर शीतकरणाच्या खर्चाची ओळ येईल. यंत्रणा वर्षभर चालली आणि काहीच झाले नाही, तर वहीत ती निव्वळ खर्चच दिसेल. तिच्यामुळे जे टळले त्याला जमेच्या बाजूला रकाना नाही. त्या ओळीवर काट मारण्यापूर्वी त्याने एकदा उठून टाकीपर्यंत चालत जावे आणि तिथल्या अभियंत्याला विचारावे, “ही कशासाठी?” एवढे कळावे म्हणून तरी आपण एकमेकांच्या वह्यांत अधूनमधून डोकवायला हरकत नाही.