विश्लेषण : जिन्याखाली मांजर व्याली… पिल्ले उचलायची की तिथेच ठेवायची?

पावसाळ्यात जिन्याखालची अडगळ, मीटरची खोली, पार्किंगमधली बंद पडलेली गाडी, गच्चीवरच्या टाकीचा आडोसा अशा कोरड्या जागी भटकी मांजर व्यालेली हमखास सापडते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो आणि सल्ले सुरू होतात. कुणी म्हणते, पिल्ले लगेच घरात आणा. कुणी म्हणते, पोत्यात भरून लांब सोडून या. पहिला सल्ला दयेपोटी असतो आणि दुसरा वैतागातून. पण दोन्हींत आई आणि पिल्लांची ताटातूट होण्याचा धोका असतो, आणि पहिल्या चार आठवड्यांत ती पिल्लांच्या जिवावर बेतू शकते. मग नेमके काय करावे, ते समजून घेऊ.

आई दिसत नाही म्हणजे तिने पिल्ले टाकली का?

बहुतेक वेळा तसे नसते. दूध पाजणाऱ्या मांजरीला स्वतःचे पोट भरायला बाहेर पडावेच लागते. ती काही तास दूर राहू शकते. पिल्लांभोवती माणसांचा घोळका असेल, तर ती जवळच लपून बसते आणि सगळे पांगल्याशिवाय येत नाही.

पिल्लांकडे दुरून नीट पाहा. अंग कोरडे व स्वच्छ आहे, पोट गोलसर आहे आणि ती एकमेकांना चिकटून शांत झोपली आहेत, तर आई येऊन जात आहे असे समजावे. खात्री करायची असेल तर पिल्लांभोवती जमिनीवर पिठाची पातळ रेघ ओढा आणि काही तासांनी पावलांचे ठसे उमटले का ते पाहा. नंतर पीठ पुसून टाका, नाहीतर मुंग्या लागतील. मात्र पिल्ले गार पडली असतील, सतत ओरडत असतील, अंगाला मुंग्या लागल्या असतील किंवा जखम दिसत असेल, तर वाट न पाहता मदत करावी.

माणसाचा हात लागला की मांजर पिल्लांना टाकते, हे खरे आहे का?

नुसत्या स्पर्शाने मांजर सहसा पिल्ले टाकत नाही. पण वारंवार डोकावणे, मोबाइलचा फ्लॅश, मुलांची गर्दी यामुळे तिला जागा असुरक्षित वाटते आणि ती पिल्ले हलवते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे म्हणतात. त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. बोका, कुत्री किंवा माणसांची चाहूल लागली की ती मानेला धरून एकेक पिल्लू दुसरीकडे नेते. अशा वेळी मध्येच पिल्ले उचलली, तर उरलेल्यांसाठी परतलेली आई आणि उचललेली पिल्ले यांची चुकामूक होते.

पहिले चार आठवडे इतके नाजूक का असतात?

जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते. डोळे मिटलेले, कान दुमडलेले. शरीराची ऊब त्याला स्वतः टिकवता येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे स्वतःहून शी-शूही करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. म्हणजे दूध, ऊब आणि स्वच्छता ही तिन्ही कामे आईच करते. माणसाला हेच करायचे झाले, तर सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा उठावे लागते.

पिल्लांचे वय कसे ओळखायचे?

डोळे मिटलेले असतील तर पिल्लू साधारण दीड आठवड्याच्या आतले असते. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कान उभे राहतात आणि पिल्लू डुगडुगत चालू लागते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ते खेळते, आईच्या ताटलीत तोंड घालू लागते. आठव्या आठवड्यापर्यंत दूध बहुतेक सुटते. पिल्लांना नव्या घरी द्यायचे ते त्यानंतरच.

जागा सुरक्षित कशी करायची?

जागा कोरडी आणि आडोशाची असेल तर काहीही हलवू नये. पाणी शिरण्याची भीती असेल, तर पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून दोन-तीन विटांवर उचला, वरून प्लास्टिक टाका आणि आत जुने सुती कापड अंथरा. खोके मूळ जागेपासून काही फुटांवरच असावे. पिल्ले हलवावीच लागली तर सगळी एकदम आणि शक्यतो आईच्या डोळ्यांदेखत हलवावीत.

त्या जागी फिनाईल टाकू नये. त्यातील फिनॉल वर्गातील रसायने मांजरांना विषारी असतात. तिथे उंदरांचे औषध ठेवू नये, कुत्र्यांसाठीचे गोचिडांचे औषधही मांजरीला लावू नये. पार्किंगमध्ये पिल्ले असतील, तर गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा माराव्यात आणि चाकांखाली पाहावे. वॉचमन आणि सफाई कामगारांना आधीच सांगून ठेवले, तर अडगळ काढताना अपघात टळतो.

मांजरीला खायला काय द्यावे?

दूध-पोळीने तिचे भागत नाही. मांजर मुळात मांसाहारी प्राणी आहे आणि दूध पाजताना तिची भूक दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. उकडलेले चिकन किंवा काटे काढलेली मासळी, मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता द्यावी. बाजारात मिळणारे पिल्लांसाठीचे मांजरखाद्य आईलाही चालते. सोबत पाणी हवे. ताटली पिल्लांपासून थोडी लांब ठेवावी आणि उरलेले उचलून घ्यावे. नाहीतर मुंग्या, कावळे आणि बोके पिल्लांपर्यंत पोहोचतात.

आई खरेच परतली नाही तर?

आधी ऊब, मग दूध हा क्रम चुकवू नये. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी आणि पशुवैद्यांना फोन करावा. गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होऊ शकतात. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर पेट शॉपमध्ये मिळते. पाजताना पिल्लू पोटावर असावे. बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाऊ शकते. पाजल्यानंतर ओल्या कोमट कापसाने मागचा भाग हलकेच पुसावा, म्हणजे शी-शू होते.

या सगळ्यात मांजर चावली किंवा तिने ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पोत्यात भरून लांब सोडले तर?

नव्या जागेत आईला अन्न, पाणी, लपण्याची जागा काहीच ठाऊक नसते. ती परतण्याच्या प्रयत्नात निघून जाते आणि पिल्ले मागे राहतात. कायद्याच्या दृष्टीनेही हे अंगलट येऊ शकते. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. तिथला दंड आजही नाममात्र आहे. पण प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

शिवाय प्रश्न सुटत नाही तो नाहीच. आवारात उघडा कचरा आणि उंदीर राहिले, तर रिकाम्या जागी दुसरे मांजर येते.

मग सोसायटीने कायमचा उपाय काय करावा?

नसबंदी. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. मादी पिल्लू चार-पाच महिन्यांतच वयात येऊ शकते. म्हणून पिल्लांनी दूध सोडले की आईची शस्त्रक्रिया लांबवू नये. महापालिकेचा पशुवैद्यकीय विभाग किंवा प्राणिमित्र संस्था यांच्याकडे मांजरांच्या नसबंदीची सोय आहे का, याची चौकशी पिल्ले लहान असतानाच करून ठेवावी. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक खुणेसाठी कापतात, त्यामुळे पुन्हा पकडण्याचा घोळ होत नाही.

पिल्लांच्या लसीकरणाची सुरुवात सहा ते आठ आठवड्यांच्या वयात होते, रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर दिली जाते. पाचव्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ हाताळलेली पिल्ले माणसाळतात आणि त्यांना घर मिळणे सोपे जाते.

एकूण हिशेब दोन महिन्यांचा आहे. तेवढा काळ एक कोरडा कोपरा आणि रोजची एक ताटली, त्यानंतर एक शस्त्रक्रिया. एवढे केले तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जिन्याखाली त्याच मांजरीची नवी पिल्ले सापडणार नाहीत.