लिथियम–गंधक विद्युत् घटातील धातवीय उत्प्रेरक

लिथियम धातूचे ऋणाग्र व गंधकयुक्त धनाग्र असलेल्या संचायक घटातील विक्रिया जलद व्हाव्यात म्हणून धनाग्रात मिसळण्यात येणारे धातूंचे अतिसूक्ष्म कण. गंधकाची सैद्धांतिक विद्युत् धारकता दर ग्रॅमला सु. १,६७५ मिलिअँपिअर-तास आहे. लिथियम-आयन घटांतील प्रचलित धनाग्र पदार्थांची ती बहुधा २०० च्या आसपास असते. गंधक स्वस्तही आहे. मुंबईतील खनिज तेल शुद्धीकरण कारखान्यांत ते उप-उत्पादन म्हणून मिळते. तरीही या घटाचा वापर मर्यादित राहिला आहे.

याचे कारण घटातील विक्रियांत आहे. विद्युत् विसर्जन होताना गंधकाच्या आठ अणूंच्या वलयापासून प्रथम लिथियमाची पॉलिसल्फाइडे व शेवटी लिथियम सल्फाइड बनते. दीर्घ साखळीची पॉलिसल्फाइडे विद्युत् विच्छेद्यात विरघळून ऋणाग्रापर्यंत जातात व लिथियमाशी विक्रिया होऊन परततात. या येरझाऱ्यांमुळे उपयुक्त गंधक घटते आणि धारकता उत्तरोत्तर कमी होते. गंधक व लिथियम सल्फाइड हे दोन्ही विद्युत् निरोधक असल्याने विक्रियाही मंद असतात.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सच्छिद्र कार्बनात गंधक भरून धारकता बरीच वाढविली. तथापि कार्बन अध्रुवी असल्याने ध्रुवी पॉलिसल्फाइडांवरील त्याची पकड दुर्बल असते. अमेरिकेतील वेन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ग्राफिनावर प्लॅटिनमाचे कण बसविले. असे कण पॉलिसल्फाइडे पृष्ठभागावर धरून ठेवतात, त्यांना इलेक्ट्रॉन पुरवितात व पुढील विक्रियेची सक्रियण ऊर्जा कमी करतात. त्यामुळे पॉलिसल्फाइडांना विरघळून दूर जाण्यास अवधी कमी मिळतो. पकड फार दुर्बल असल्यास ती निसटतात, फार बळकट असल्यास पृष्ठभाग व्यापून राहतात; म्हणून मध्यम पकड इष्ट ठरते. कण जितके लहान तितके दर ग्रॅममागे पृष्ठफळ जास्त, म्हणून त्यांचे आकारमान काही अब्जांश मीटर ठेवतात. प्लॅटिनम महाग असल्याने कोबाल्ट, निकेल व लोह यांचाही अभ्यास झाला आहे.

कण एकत्र गोळा होणे, त्यांच्या पृष्ठभागाचे सल्फाइडात रूपांतर होणे व वाढणारे वजन या अडचणी आहेत. शिवाय प्रयोगशाळेतील लहान घटांत विद्युत् विच्छेद्य विपुल असते. व्यवहारातील घटात ते बेताचेच ठेवावे लागते व तेथे उत्प्रेरकाची खरी कसोटी लागते.

शिव नाडर विद्यापीठातील बिमलेश लोचब व मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील सागर मित्रा यांनी वेगळा मार्ग अनुसरला. काजूच्या टरफलाच्या तेलातील कार्डॅनॉल व लवंगेच्या तेलातील यूजेनॉल यांपासूनच्या सहबहुवारिकांत त्यांनी गंधक रासायनिक बंधाने जखडले. गंधकास बांधून ठेवणे व त्याचे रूपांतर त्वरेने घडविणे हे दोन्ही उपाय परस्परपूरक आहेत.