दादोबांचा संयम

श्रद्धा आणि आत्मपरीक्षण यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सुरतेस नवा नाही. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी येथे अध्यापन करीत असताना १८४४ साली दुर्गाराम मेहताजींसमवेत मानवधर्मसभा स्थापिली. मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिणाऱ्या याच दादोबांनी १८७८ मध्ये ख्रिस्ती तत्त्वज्ञ स्वीडनबॉर्ग यांच्या ग्रंथांवर इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. स्वर्गासाठी संसार सोडावा लागत नाही. व्यवहारात सचोटी, अंतरी ईश्वरभाव व स्वदोषांची प्रामाणिक तपासणी हवी, आणि परोपकारावाचून श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, असे स्वीडनबॉर्ग यांचे म्हणणे. दादोबांनी धर्मांतर केले नाही. कोणी यास कचखाऊपणा म्हणेल; मला तो अवघड संयम वाटतो. ‘केकावली’तला भक्तही आपले दोष देवापुढे उघडे करतोच; दादोबांना ही वाट ओळखीची वाटली असावी.