‘थांबा!’ म्हणायची तालीम

रात्रपाळी. वरिष्ठ डॉक्टर सगळ्यांसमोर नर्सवर खेकसतात. औषधाच्या मात्रेबद्दल तिला शंका आहे, पण ती गप्प बसते. तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं?

हा प्रसंग नाटकातला आहे. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल (१९३१–२००९) यांच्या ‘फोरम थिएटर’मध्ये प्रसंग आधी पूर्ण बिघडेपर्यंत दाखवतात. मग तोच पुन्हा सुरू होतो. या वेळी प्रेक्षकांपैकी कुणीही ‘थांबा!’ म्हणून त्या गप्प बसलेल्या पात्राची जागा घेतो आणि वेगळं काही करून पाहतो. रुग्णालयांतल्या प्रशिक्षणातही आता हे तंत्र वापरतात.

प्रश्न फक्त मन दुखावण्याचा नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या प्रयोगात नवजात अतिदक्षता विभागांतल्या २४ चमूंनी एका काल्पनिक अत्यवस्थ बाळावर उपचार केले. काही चमूंना पाहुण्या तज्ज्ञाचे थोडे अपमानास्पद शेरे ऐकवले होते. त्यांचं निदान आणि उपचार दोन्ही घसरले; एकमेकांना माहिती सांगणं, मदत मागणं कमी झालं होतं.

‘बोलायला हवं’ हे व्याख्यानातून कळतं. पण साहेबांसमोर तोंड उघडायची सवय करूनच लागते. म्हणून ही तालीम. इथे चुकलात, तरी कुणाचं बाळ दगावत नाही.