आकडा आला, पण कोणाच्या भरवशावर?

आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ नुकतेच निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांचं पद रद्द झाल्याचं पत्र आलं. नॅनोइंडेंटर, म्हणजे अतिसूक्ष्म खूण पाडून काठिण्य मोजणारं यंत्र, मात्र नवा कोरा, स्वयंचलित आला आहे. तेव्हा थोडं मागे वळून पाहणं आलंच.

1900 साली ब्रिनेलने पोलादी गोळी दाबून धातूचं काठिण्य मोजलं, पुढे व्हिकर्सची पद्धत आली. खूण सूक्ष्मदर्शकाखाली मोजली की काम झालं. नॅनोमीटरमधली खूण मात्र अशी मोजता येईना. 1992 मध्ये ऑलिव्हर आणि फार यांनी घालून दिलेली रीत जगभर रुळली: हिऱ्याचं टोक आत जाताना आणि बाहेर येताना भार व खोली नोंदवायची, आणि भार काढतानाच्या वक्राच्या उतारावरून काठिण्य आणि यंग गुणांक (म्हणजे पदार्थाचा ताठपणा) काढायचे.

आमच्याकडे खरी धामधूम 2007 नंतरची. त्या वर्षी केंद्राचं ‘नॅनो मिशन’ आलं, पाच वर्षांसाठी 1000 कोटींचं. 2008 मध्ये ग्राफीनचा यंग गुणांक सुमारे 1000 गिगापास्कल निघाला आणि ज्याला त्याला नॅनोचा ध्यास लागला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तर सेंद्रिय स्फटिकांवरही हिरा टेकवला जात होता. ते दिवस आम्हाला मनापासून आवडले. तापमान जरा हललं तरी खोलीचा आकडा सरकायचा, म्हणून आमचे तंत्रज्ञ रात्री यंत्र लावत. आधी फ्यूज्ड सिलिका टोचायची. तिचा यंग गुणांक 72 गिगापास्कलच्या आसपास आला नाही, तर टोक झिजलंय असं समजून नमुन्याला हात लावायचा नाही.

त्याच काळात शंभर नॅनोमीटरच्या लेपात ऐंशी नॅनोमीटर टोक घुसवून ‘लेपाचं काठिण्य’ छापणारेही बोकाळले. खोली लेपाच्या जाडीच्या दशांशापलीकडे गेली की खालचा थर आकड्यात मिसळतो, हे सांगणाऱ्याला ते किरकिरा म्हणत. मऊ धातू टोकाभोवती वर चढतो, स्पर्शाचं क्षेत्रफळ प्रत्यक्षापेक्षा कमी धरलं जातं आणि काठिण्य फुगतं, हे त्यांनी कानाआड केलं. बढत्या मात्र त्यांनाच मिळाल्या.

आता विद्यार्थी कळ दाबून जेवायला जातो; परत येईपर्यंत शेकडो खुणांचा रंगीत नकाशा तयार असतो. टोक शेवटचं कधी तपासलं, हे विचारलं तर उत्तर नाही. यंत्राला पैसा आहे, यंत्र जाणणाऱ्या माणसाला पगार नाही.

शोधनिबंध तपासणाऱ्यांना एकच विनंती: टोकाच्या तपासणीची आणि तापमानामुळे होणाऱ्या सरकण्याची नोंद नसेल, तर निबंध परत पाठवा.