डोहातली बुडी आणि छातीतला दम

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीत पारा 45 च्या वर चढला की पोरं डोह गाठतात. नदीची धार रेतीत जिरलेली असते, पण खोलगट जागी पाणी टिकून राहतं. मासेमार ढिवर समाजाच्या कित्येक पिढ्या अशा पाण्यात बुडी मारत आल्या. कोणी बुडालं की शोधायलाही त्यांनाच हाक जाते. पाठीवर सिलिंडर न घेता एका श्वासावर खाली जाण्याच्या या कसबाला आता फ्रीडायव्हिंग म्हणतात आणि त्याचे रीतसर वर्गही चालतात.

नवख्या माणसाच्या शरीरालाही हे थोडंफार येत असतं. श्वास रोखून चेहरा गार पाण्यात घातला की चेहऱ्यावरच्या मज्जातंतूकडून मेंदूला खबर जाते, नाडी मंदावते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त हृदय-मेंदूकडे राखलं जातं. प्लीहा आक्रसून लाल पेशींचा राखीव साठा रक्तात सोडते. इंडोनेशियातल्या बुडी मारणाऱ्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या जमातीपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी मोठी असल्याचं 2018 मध्ये दिसून आलं. बुडी न मारणाऱ्या बजाऊंचीही मोठीच निघाली, म्हणजे यात अनुवंशिकतेचाही हात आहे.

कान मात्र पहिल्या दोन मीटरांतच कुरकुरतात. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, तीही दुखायच्या आधी. बाजारातला पोहण्याचा चष्मा इथे कामाचा नाही: त्यात नाक बाहेर राहतं, आतला दाब सारखा करता येत नाही आणि डोळे ओढले जातात.

गोड्या पाण्याची एक खोडी आहे. समुद्राचं पाणी लिटरमागे सुमारे 25 ग्रॅम जड असतं. म्हणून 70 किलोच्या माणसाला समुद्र जितकं उचलून धरतो, त्यापेक्षा डोह पावणेदोन किलोने कमी उचलतो. खाली जाताना छातीतली हवा दबते, दहा मीटरवर निम्मी होते. त्यामुळे माणूस आपोआप खाली जाऊ लागण्याची खोली डोहात लवकर येते, आणि वर यायला पाय जास्त मारावे लागतात.

खरा घात वेगळाच आहे. श्वास कोंडल्यावर होणारी तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते, ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. काही जण बुडीआधी भराभर श्वास घेतात. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेलं असल्याने त्यातून ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा निघून जातो. तगमग उशिरा सुरू होते आणि बुडी लांबते. खाली दाबामुळे उरलासुरला ऑक्सिजनही रक्तात शिरत असतो, पण वर येताना दाब झपाट्याने उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत शुद्ध हरपते. पट्टीचा पोहणाराही यात जातो, कारण त्याला काही जाणवतच नाही.

माझ्या मते जंगलातला डोह ही पहिल्या बुडीची जागा नव्हे. ताडोबाच्या तलावात मगरी आहेत, तिथला तर विचारच नको. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खाली वैनगंगा चढते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम एकत्र येतात; पुरानंतर नदीचा तळ तोच राहील याचा भरवसा नाही आणि गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही. पहिले धडे तरणतलावात, तळ दिसणाऱ्या पाण्यात, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली घ्यावेत. नंतर कुठेही गेलात तरी दोघांनी जायचं: एक खाली, तर दुसरा वर. दोन बुड्यांच्या मध्ये निदान बुडीच्या दुप्पट वेळ विसावा घ्यायचा. वर आलेल्याने ठीक असल्याची खूण केली तरी जोडीदाराने आणखी अर्धा मिनिट त्याच्यावरून नजर हटवायची नाही, कारण नव्या श्वासातला ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात आणि अनेकांची शुद्ध हरपते ती नेमकी त्या सेकंदांत.