तीन जिवांचें ताट

घरांतील सूनबाईला दिवस राहिले आणि पुढें तपासणींत जुळीं असल्याचें कळलें, म्हणजे घराच्या आनंदाला भरती येते. 'दोन जिवांची' ही आपल्याकडील जुनी गोड उक्ति. येथें तर ती तीन जिवांची झालेली असते. मग ताटांतील तुपाची धार वाढते, आजी शिऱ्याची वाटी पुढें करितात, आत्याबाई पेढ्यांचा पुडा पाठवितात. अशांतच एके दिवशीं रक्ताची तपासणी होते आणि साखर वाढली आहे असें डॉक्टर सांगतात. त्या क्षणापासून तेंच घर दुसऱ्या टोकाला जातें. भात बंद, पोळी अर्धी, फळें वर्ज्य, रात्रीं नुसतें ताक. कालपर्यंत जिला आग्रह करकरून वाढलें, तिच्याच ताटाकडे आज सर्वांची संशयाची नजर वळते. हीं दोन्ही टोकें अपायकारक आहेत. आणि पोटांत जुळीं असतां दुसऱ्या टोकाचें भय विशेष आहे. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. 'हिनें गोड फार खाल्लें म्हणून हें झालें' असा ठपका पुष्कळ घरीं ठेवला जातो. तो अन्यायाचा आहे. गरोदरपणीं वार जसजशी वाढते, तसतसे तिच्यांतून कांहीं अंतःस्राव आईच्या रक्तांत उतरतात. ते इन्शुलिनचा जोर कमी करितात. हेतु हा कीं आईच्या रक्तांतील ग्लुकोज बाळाच्या वांट्याला अधिक यावें. सामान्यतः आईचें स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून ही तूट भरून काढतें. ज्या स्त्रीला तें पुरेसें जमत नाहीं, तिच्या रक्तांत साखर वाढते. जुळ्यांच्या वेळीं वारेचा व्याप मोठा, म्हणून हे स्रावहि अधिक. घरांत कोणास मधुमेह असणें, वय थोडें अधिक असणें, आधीच वजन जास्त असणें, हीं कारणें त्यांत भर घालतात. यांत तिचा अपराध तो कोणता?

साखरेकडे दुर्लक्ष मात्र करतां येत नाहीं. आईच्या रक्तांतील ग्लुकोज वार ओलांडून बाळाकडे जातें, पण तिचें इन्शुलिन जात नाहीं. तेव्हां आलेली जादा साखर जिरविण्यासाठीं बाळाला स्वतःचेंच इन्शुलिन अधिक तयार करावें लागतें. त्यामुळें त्याच्या अंगावर चरबी चढते. आणि जन्म होऊन नाळ तुटतांच आईकडून येणारी साखर थांबते, इन्शुलिन मात्र चढेंच राहतें, म्हणून बाळाची साखर एकदम उतरूं शकते. उपचारानें काय साधतें हें ऑस्ट्रेलियांतील एका मोठ्या पाहणीनें दाखविलें आहे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पाहणींत सुमारें एक हजार गरोदर स्त्रिया होत्या. ज्यांना आहाराचा सल्ला, साखरेची नियमित तपासणी व गरज पडल्यास इन्शुलिन मिळालें, त्यांच्या बाळांतील गंभीर विकार शेंकडा चारांवरून शेंकडा एकावर आले.

आपल्याकडील तपासणी सोपी आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनीं तिचा मोठा पुरस्कार केला. त्यांचा जन्मदिवस १० मार्च हा भारतांत गर्भकालीन मधुमेह जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारें ३०० मिलिलिटर पाण्यांत विरघळवून पाजतात आणि दोन तासांनीं रक्त तपासतात. आंकडा १४० किंवा त्याहून वर गेला, तर गर्भकालीन मधुमेह ठरतो. उपाशीं येण्याची अट नाहीं. जळकोट-देवणीकडील गांवाहून एस. टी.नें उदगीरला येणाऱ्या बाईचा दुसरा खेप त्यामुळें वांचतो. पहिली तपासणी नांव नोंदवितांनाच व ती निर्दोष ठरल्यास पुन्हा एकदां चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांत करावी, असें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याची मार्गदर्शिका सांगते.

आतां जुळ्यांचा विशेष. एकच मूल असतां तें फाजील मोठें होईल ही चिंता असते. जुळीं बहुधा लहान असतात व बरेचदां दिवस पुरे होण्यापूर्वींच येतात. त्यामुळें तीं खुरटूं नयेत हीहि तितकीच मोठी चिंता. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेनें २००९ सालीं दिलेल्या मापानुसार, मध्यम बांध्याच्या स्त्रीचें वजन एका मुलाच्या वेळीं साडेअकरा ते सोळा किलो, तर जुळ्यांच्या वेळीं सुमारें सतरा ते पंचवीस किलो वाढावें. आपल्याकडील बारीक चणीच्या बाईस हे आंकडे जसेच्या तसे लावूं नयेत. तिचें माप डॉक्टर ठरवितील. परंतु त्यांतील तात्पर्य ध्यानीं घ्यावें. साखर उतरली पण वजन वाढावयाचें थांबलें, तर तो विजय नव्हे. शिवाय पोट फार वेळ रिकामें राहिलें कीं शरीर चरबी जाळूं लागतें व रक्तांत कीटोन नांवाचीं द्रव्यें वाढतात. तीं गर्भाच्या हिताचीं नव्हेत. म्हणून घरांत एकच वही ठेवावी व तिच्यांत दोन रकाने आंखावे, एक साखरेचा आणि एक वजनाचा. या आजारांत अन्न तोडावयाचें नसतें, तें वांटावयाचें असतें. आमच्या लेखाचें सार एवढेंच.

तें कसें वांटावें, हें उदगीरच्या स्वयंपाकघरांत उभें राहून पाहूं. उदगीर म्हटलें म्हणजे १७६० सालची सदाशिवरावभाऊंची लढाई व तेथला किल्ला आठवतो. पण आमच्या कामाचें आहे तें या बालाघाटाच्या पठारावरील पीकपाणी. अलीकडे सोयाबीननें पुष्कळ रान व्यापिलें असलें, तरी ज्वारी, तूर, हरभरा, मूग व करडई हीं येथलीं घरचीं धान्यें. ज्वारीची भाकरी, दाट वरण, पिठलें, मटकीची उसळ, अंबाडी, शेपू, चुका आणि करडईची कोंवळी भाजी, जवसाची वा कारळ्याची चटणी, वाटीभर दही, हें जेवण अशा बाईस मूळचेंच अनुकूल आहे. तिच्यासाठीं परदेशी बिस्किटें वा 'शुगर फ्री' मिठाया आणण्याची मुळींच जरुरी नाहीं.

मात्र 'भाकरी चालते' याचा अर्थ 'हवी तितकी चालते' असा नव्हे. सरकारी मार्गदर्शिकेंत पिष्टमय अन्नाचे वांटे केले आहेत. एका वांट्यांत सुमारें पंधरा ग्रॅम कर्बोदक. म्हणजे एक लहान पोळी किंवा अर्धी वाटी भात. मुख्य जेवणांत असे दोन ते तीन वांटे, मधल्या खाण्यांत एक ते दोन. आपल्या घरची एक मोठी भाकरी साठ ग्रॅम पिठाची धरली, तर तिच्यांतच जवळजवळ तीन वांटे येतात. तेव्हां भाकरी, वर भात, आणि शेवटीं केळें असें एकाच ताटांत नको. भात हवासा वाटला तर अर्धी भाकरी कमी करावी. गूळ व मध हे साखरेचेच सोयरे आहेत. 'गूळ औषधी' म्हणून सूट देऊं नये. फळ अख्खें चावून खावें, त्याचा रस काढूं नये. पेरू वा संत्रें एका वेळीं एक, आंबा-सीताफळ फोडीपुरतें.

दिवसाची मांडणी साधारण अशी करावी. सकाळच्या वेळीं इन्शुलिनचा प्रभाव सर्वांत मंद असतो. म्हणून न्याहारींत पोह्यांची वा सुशील्याची मोठी बशी नको. मुगाचें धिरडें किंवा बेसन-भाजी घातलेले धपाटे दह्याबरोबर द्यावे. अकराच्या सुमारास ताक आणि मूठभर फुटाणे. दुपारीं एकपर्यंत जेवण. चारला मोड आलेल्या मटकीची लहान वाटी अथवा एखादें फळ. रात्रीं आठाच्या आंत जेवण. आणि निजतांना बिनसाखरेचें दूध व चार शेंगदाणे. या शेवटच्या दुधाला क्षुल्लक समजूं नये, कारण रात्रीची लांबलचक उपासमार तें मोडतें. ताटांत आधीं कोशिंबीर, भाजी व वरण खावें आणि भाकरी त्यांच्यासंगें सावकाश संपवावी, म्हणजे साखर हळूहळू चढते. नुसत्या ज्वारीवर प्रथिनांची भरती होत नाहीं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या मापाप्रमाणें शेवटच्या तिमाहींत एका मुलासाठींच रोज बावीस ग्रॅम प्रथिनें अधिक लागतात. जुळ्यांस त्याहूनहि जास्त. म्हणून वरण पातळ नको, डाळ चमच्यावर उभी राहील असें हवें. जेवणानंतर थोडें चालणें साखरेला उतारा देतें. परंतु जुळ्यांच्या बाबतींत किती चालावें, हें डॉक्टरांना विचारूनच ठरवावें.

आतां एकत्र कुटुंबाला दोन शब्द स्पष्टपणें सांगितले पाहिजेत. अजूनहि पुष्कळ घरीं पुरुषांची व मुलांची पंगत आधीं आणि सुनांची शेवटीं. दुपारचे अडीच वाजेपर्यंत उपाशीं राहून नंतर एकदम पोटभर जेवणें, ही या आजारांत सर्वांत वाईट रीत होय. येथें शास्त्राचा आधार मागणाऱ्यांस आम्ही मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवितों. गर्भिणीला अतिथींच्याहि आधीं, मनांत विकल्प न आणतां जेवूं घालावें, अशी तेथें आज्ञा आहे. अतिथीच्या आधीं जिचा मान, तिनें पंक्तीच्या शेवटीं कां बसावें?

उपवासाचेंहि तसेंच. एकादशी व चतुर्थीला दिवसभर निराहार आणि मग साबुदाण्याची खिचडी, हा क्रम तर दुहेरी घातक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्याच्या शंभर ग्रॅममध्यें प्रथिन एक ग्रॅमहि नसतें, तर तितक्याच तुरीच्या डाळींत तें सुमारें बावीस ग्रॅम असतें. या महिन्यांपुरता तिचा उपवास सासूबाईंनींच आपण होऊन सोडवावा. सुनेच्या तोंडून ती मागणी येण्याची वाट पाहूं नये.

डोहाळजेवण साधारण सातव्या महिन्यांत येतें, म्हणजे तपासणीच्याच आठवड्यांच्या सुमारास. तें बंद करावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, ओटी, गाणीं सर्व कांहीं व्हावें. पेढा कीं बर्फी हा खेळहि खुशाल व्हावा. जुळ्यांच्या आईला दोन्ही वाट्या उघडण्याचा अधिकारच आहे! फक्त ताटांत गोडाची रांग नको. कोथिंबिरीच्या वड्या, दहीवडे, मुगाची उसळ यांनीं तें सजवावें. गोड एक घास, आणि तोहि जेवणाच्या शेवटीं.

शाकाहारी घरांनीं आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास चालविला. ज्या माता पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां घेत, त्यांचीं बाळें जन्मतः अधिक भरलेलीं आढळलीं. त्याच अभ्यासांत सुमारें दोन तृतीयांश मातांच्या रक्तांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. आणि ज्यांच्यांत तें कमी असून फोलेट मात्र जास्त होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं इन्शुलिनचा जोर विशेष मंद दिसला. म्हणजे आईच्या ताटाचे परिणाम मुलाच्या पुढील आयुष्यावर उमटतात. दूध-दहीं रोजचें असावेंच. पण बी-१२ ची तपासणी व गोळी यांविषयीं डॉक्टरांना अवश्य विचारावें.

एवढें करूनहि साखर बधली नाहीं तर? दोन आठवडे आहार पाळून जेवणानंतर दोन तासांचा आंकडा १२० च्या आंत राहिला, तर आहारच पुढें चालूं ठेवतात. तो १२० किंवा त्याहून अधिक आला तर औषध किंवा इन्शुलिन सुरू करितात. तेव्हां 'हिनें पथ्य पाळलें नाहीं' असें कोणी म्हणूं नये. दोन मुलांच्या वारेपुढें कित्येकदां उत्तम पथ्यहि अपुरें पडतें. इन्शुलिनला भिऊन जेवण आणखी कमी करणें, ही तर उलटी रीत. तें सुईनें घेतलें तरी बाळापर्यंत पोंचत नाहीं, आणि त्याच्या आधारानें आईला पोटभर जेवतां येतें. प्रसूतीसाठीं मात्र नवजात मुलांची नीट सोय असलेलें ठिकाण आधींच पाहून ठेवावें. जुळीं वेळेची वाट पाहत नाहींत.

बाळंतपणानंतर वार पडते आणि साखर बहुधा खालीं येते. बाळांना शक्य तों पहिल्या तासांतच अंगावर घ्यावें, म्हणजे त्यांचीहि साखर सांवरते. मग घरांत डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपाचा शिरा यांची रीघ लागते, आणि सहाव्या आठवड्याची तपासणी दोन मुलांच्या गडबडींत विसरली जाते. ती विसरूं नये. गर्भकालीन मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढें कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतरांच्या सुमारें सातपट असल्याचें २००९ सालीं अनेक पाहण्या एकत्र करून दाखविण्यांत आलें आहे. बारशाच्या तयारींत कोणी तरी त्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

हें सर्व एकट्या गर्भिणीच्या निग्रहावर सोंपविणें म्हणजे जबाबदारी टाळणें होय. डाळ दाट करणारा हात, वेळेवर हांक मारणारी जाऊ, वहींत आंकडे लिहिणारा नवरा, आणि उपवास सोडविणारी सासू, इतकीं माणसें मिळून हें एक ताट तयार होतें. एकत्र कुटुंबाचा उपयोग अशा वेळीं नाहीं करावयाचा, तर केव्हां करावयाचा? ज्या घरीं तीन जिवांची अशी कोणी असेल, त्या घरच्या वडील मंडळींनीं आज तिला पहिल्या पंक्तीला बसवावें, एवढीच आमची आग्रहाची विनंति आहे.